व्हॅलेन्सियाच्या रेशीमपेठेतील तीन अटी

स्पेनला जाणारा भारतीय प्रवासी बहुधा माद्रिद आणि बार्सिलोना ही दोन शहरे पाहून परततो. भूमध्य समुद्राच्या काठी वसलेले व्हॅलेन्सिया हे त्या देशातील तिसऱ्या क्रमांकाचे शहर. परंतु आपल्याकडील सहलींच्या पत्रकांत त्याला क्वचितच स्थान मिळते. टाइल्सच्या व्यवसायातील मंडळींना ते नावाने तरी परिचित असते, कारण शेजारच्या कास्तेयोन जिल्ह्यात या मालाचे मोठे कारखाने आहेत आणि व्हॅलेन्सियात त्याचे आंतरराष्ट्रीय प्रदर्शन भरत आले आहे. इतरांनीही शनिवार-रविवारचे दोन दिवस काढून हे शहर पाहावे, असे आहे. विशेषतः ज्यांच्या घरात तराजू आणि वही यांची परंपरा आहे, त्यांनी तर अवश्य पाहावे; कारण पाच शतकांपूर्वीच्या व्यापाऱ्यांनी आपल्या धंद्याचे नीतिनियम तेथे दगडी भिंतीवर सोन्याच्या अक्षरांत कोरून ठेवले आहेत.

फेब्रुवारीच्या अखेरीस सांगलीचे एक व्यापारी दांपत्य असेच दोन दिवसांसाठी या शहरी गेले. हळद आणि बेदाणा यांची तीन पिढ्यांची अडत. मुलगा नोकरीनिमित्त माद्रिदला असतो. त्याच्या आग्रहावरून दोघांनी आयुष्यातील पहिला परदेशप्रवास केला. घरात आणि बाजारपेठेत या गृहस्थांना सर्वजण अण्णा म्हणतात. माद्रिदहून वेगवान रेल्वेने दोन तासांच्या आत व्हॅलेन्सिया येते. शुक्रवारी दुपारी निघालेली ही तीन माणसे सूर्य मावळण्यापूर्वी मुक्कामी पोहोचली होती.

सूर्यास्ताची ही अट मुलाने आधीच ध्यानात घेतली होती. स्पेनमध्ये दुपारचे जेवण दोन ते तीनच्या दरम्यान होते आणि रात्रीच्या जेवणासाठी उपाहारगृहे साडेआठच्या आत सहसा उघडतच नाहीत. या दिवसांत तेथे सूर्य पावणेसातच्या सुमारास मावळतो. तेव्हा रात्रिभोजनत्याग पाळणाऱ्याने संध्याकाळी उपाहारगृहाची आशाच धरू नये. त्यांनी हॉटेलऐवजी स्वयंपाकघर असलेली सदनिका दोन दिवसांसाठी घेतली होती. आईंच्या पिशवीत पोहे, मेतकूट, शेंगदाण्याची चटणी आणि लसणाविना केलेले सांगलीचे भडंग होते. देवदर्शनाशिवाय अन्न न घेण्याचा त्यांचा नियम. त्यासाठी भगवंतांची लहानशी तसबीर त्यांनी बरोबर आणली होती. ती पूर्वेकडील खिडकीत ठेवून त्यांनी शनिवारच्या दिवसाचा आरंभ केला.

सकाळी तिघेही मध्यवर्ती मंडईत गेले. १९२८ मध्ये खुली झालेली ही मंडई लोखंड, काच आणि रंगीत चिनी मातीच्या फरशा यांनी सजलेली असून तिच्यावर प्रशस्त घुमट आहे. रविवारी ती बंद असते, शनिवारीही दुपारी तीनच्या सुमारास आवरते; म्हणून ती सकाळीच पाहावी. आपल्याकडील प्रवाशास आधी एक सूचना दिलेली बरी. आत शिरताच मांसाचे टांगलेले तुकडे दृष्टीस पडतात. मासळीचा विभाग वेगळा असला तरी जिवंत गोगलगायी आणि ईल मासे विक्रीस ठेवलेले असतात. आईंनी त्या बाजूला पाठ केली आणि फळांच्या गाळ्यांकडे वळल्या. संत्री, बदाम, खजूर, डाळी, केशर आणि तांदूळ यांची तेथे समृद्धी आहे. शहराच्या दक्षिणेस असलेल्या अल्बुफेरा सरोवराच्या काठी भातशेती होते. भात, संत्री, ऊस आणि शेतीच्या कालव्यांचे जाळे या साऱ्यांची वाढ येथे आठव्या शतकापासून तेराव्या शतकापर्यंतच्या अरब राजवटीत झाली.

अण्णा सुक्या मेव्याच्या एका गाळ्यापुढे थांबले. त्यांनी चार बेदाणे तळहातावर घेतले, उजेडाकडे धरून पाहिले, बोटांनी दाबले. भाषा येत नव्हती. परंतु गाळेवाल्याला हा गिऱ्हाईक नसून धंद्यातला माणूस आहे, हे ओळखण्यास क्षणभरही लागला नाही. व्हॅलेन्सियाच्या दक्षिणेस समुद्रकाठी देनिया नावाचे गाव आहे. एकोणिसाव्या शतकात तेथील बेदाणा जहाजे भरभरून इंग्लंडला जात असे. द्राक्षे उकळत्या क्षाराच्या पाण्यात क्षणभर बुडवायची, म्हणजे सालीला बारीक भेगा पडतात. मग ती बोरूच्या चटयांवर उन्हात वाळवायची, अशी तेथील रीत. तासगाव-सांगलीकडे द्राक्षे पोटॅशियम कार्बोनेट आणि तेलाच्या द्रावणात बुडवून शेडमधील जाळ्यांवर वाळवतात, हेतू तोच. देनियाच्या परिसरात शेतघरांना लागून कमानींच्या लांबट पडव्या आजही दिसतात. पाऊस अथवा दव पडण्याची चिन्हे दिसताच वाळत घातलेल्या चटया उचलून या पडव्यांत आणीत. तुर्कस्तान आणि कॅलिफोर्निया येथील मालाची स्पर्धा, द्राक्षवेलींवरील फिलॉक्सेरा कीड, यांमुळे विसाव्या शतकाच्या आरंभी हा व्यापार मोडला. पडव्या उरल्या. मुलगा फोनवरील छायाचित्रे दाखवीत हे सांगत असता अण्णा म्हणाले, “पावसाची भीती सगळीकडे सारखीच.”

मंडईच्या दारासमोर, रस्त्याच्या पलीकडे, किल्ल्यासारखी तट आणि मनोरा असलेली एक वास्तू उभी आहे. तिचे नाव ‘ला लोन्हा दे ला सेदा’, म्हणजे रेशमाची व्यापारपेठ. पंधराव्या शतकात व्हॅलेन्सिया हे भूमध्य समुद्रावरील संपन्न बंदर होते. तेथील व्यापाऱ्यांना आपल्या वैभवास साजेशी जागा हवी होती. १४८३ मध्ये पेरे कोम्प्ते या स्थपतीच्या देखरेखीखाली काम सुरू झाले आणि १४९८ मध्ये मुख्य दालन पूर्ण झाले. उर्वरित भाग पुढे १५४८ पर्यंत बांधला जात होता. १९९६ मध्ये युनेस्कोने या वास्तूचा जागतिक वारशात समावेश केला. तेल आणि इतर मालाचेही सौदे येथे होत; पुढे रेशमाचा व्यापार वरचढ ठरल्याने त्याचेच नाव वास्तूस चिकटले.

प्रवेशद्वारातून आत गेल्यावर संत्र्याच्या झाडांचे लहानसे अंगण लागते. अण्णा तेथे पोहोचले तेव्हा अकरा वाजले होते. सांगलीत दुपारचे साडेतीन. दुकान सांभाळणाऱ्या पुतण्याचा फोन आला.

हकीकत अशी होती. प्रवासास निघण्यापूर्वी अण्णांनी इंदूरच्या एका जुन्या व्यापाऱ्याला दहा टन बेदाणा एका भावाने देण्याचे फोनवर कबूल केले होते. लेखी काही नव्हते. त्यांच्या व्यवहारात कधीच नसे. त्यानंतर तासगाव तालुक्यात दोन दिवस अवकाळी पाऊस झाला. शेडमधील नवा माल काळा पडला आणि जुन्या चांगल्या मालाचा भाव किलोमागे वीस रुपयांनी चढला. दहा टनांवर हा फरक दोन लाख रुपयांचा होता.

“काका, कागदावर काहीच नाही. माल शिल्लक नाही म्हणून कळवू का? बाजारात सगळे तेच करतायत,” पुतण्या म्हणाला. मग त्याने आणखी एक गोष्ट सांगितली. अडतीतून हंगामापूर्वी उचल नेलेल्या शेतकऱ्यांपैकी पाच-सहा जणांचा माल पावसात गेला होता. ते दुकानावर येऊन मुदत मागून गेले होते.

अण्णांनी अर्ध्या तासाने सांगतो म्हणून फोन ठेवला. पहिल्या प्रश्नाचे उत्तर त्यांना ठाऊक होते. पण दोन लाख म्हणजे किती, हेही त्यांना ठाऊक होते.

मुख्य दालन सुमारे छत्तीस मीटर लांब आणि एकवीस मीटर रुंद आहे. आठ मोकळे खांब, जहाजाचा दोर पिळावा तसे पीळ घेत वर जातात आणि सतरा मीटरांहून अधिक उंचीवर छताच्या कमानींत फांद्यांसारखे पसरतात. दालनात मूर्ती नाही, वेदी नाही; तरीही आत येणारा माणूस आपोआप हळू बोलू लागतो. सौदे जेथे व्हायचे ती जागा मंदिराच्या गांभीर्याने बांधावी, असे त्या व्यापाऱ्यांना वाटले, हेच मुळात विचार करण्याजोगे आहे.

चारही भिंतींच्या वरच्या भागात गडद पट्ट्यावर सोनेरी लॅटिन अक्षरांची एक ओळ सलग फिरते. त्यात ती वास्तूच बोलते आहे. आपण पंधरा वर्षांत उभारलेली विख्यात वास्तू असल्याचे ती सांगते आणि नगरवासीयांना आवाहन करते, की व्यापार ही किती चांगली गोष्ट आहे ते अनुभवून पाहा. मात्र कोणता व्यापार? त्याला तीन अटी आहेत. ज्याच्या जिभेवर कपट नाही. जो शेजाऱ्याला दिलेला शब्द मोडत नाही. आणि जो आपला पैसा व्याजाने लावत नाही. असा व्यापारी धनाने समृद्ध होईल आणि अंती शाश्वत जीवन भोगेल, असे आश्वासन देऊन ती ओळ संपते.

मुलाने मोबाइलवरून अर्थ वाचून दाखविला. अण्णा मान वर करून भिंतीच्या कडेकडेने एक पूर्ण फेरी फिरले. अक्षरे त्यांना वाचता येत नव्हती. परंतु कोणती अट कोणत्या भिंतीवर आहे, ते त्यांनी मुलाला दोनदा विचारून घेतले.

जैन गृहस्थास यांतील पहिल्या दोन अटी नव्या नाहीत. आचार्य उमास्वामींच्या तत्त्वार्थसूत्रात सातव्या अध्यायात श्रावकाच्या व्रतांचे अतिचार सांगितले आहेत. ते वाचताना एखाद्या अनुभवी बाजार-निरीक्षकाने केलेली यादी वाचतो आहोत, असे वाटते. खोटा दस्तऐवज करणे म्हणजे कूटलेखक्रिया. विश्वासाने ठेवलेली ठेव गिळणे म्हणजे न्यासापहार. हे दोन्ही सत्यव्रताचे दोष. घेताना मोठे आणि देताना लहान माप वापरणे म्हणजे हीनाधिकमानोन्मान. चांगल्या मालाच्या नावाखाली हलका, भेसळीचा माल खपविणे म्हणजे प्रतिरूपकव्यवहार. हे अचौर्यव्रताचे दोष. चोराने आणलेला माल स्वस्त मिळतो म्हणून घेणे, हेही त्याच यादीत येते. लोन्हाच्या भिंतीवर जे तत्त्व म्हणून लिहिले आहे, ते आपल्याकडे गल्ल्यावर बसलेल्या माणसाच्या हातापर्यंत आणून ठेवले आहे.

एक महत्त्वाचा फरकही ध्यानात घेतला पाहिजे. लोन्हाची ओळ सचोटीचे फळ म्हणून विपुल धनाचे आश्वासन देते. जैन श्रावकाला असे आश्वासन नाही. उलट त्याने आपल्या परिग्रहाची मर्यादा स्वतःच ठरवावी, असे पाचवे अणुव्रत सांगते. सचोटीने मिळविलेल्या धनासही ‘एवढे पुरे’ म्हणण्याची वेळ येते, ही गोष्ट त्या भिंतीवर नाही.

आई बराच वेळ काही बोलल्या नव्हत्या. काही वर्षांपूर्वी एका चातुर्मासात मुनिश्रींचे प्रवचन ऐकून त्यांनी रेशीम वापरणे सोडले. लग्नातला शालूही त्यांनी पुन्हा नेसला नाही. कोशातील जीव जिवंत असतानाच कोश उकळत्या पाण्यात टाकतात, तेव्हा रेशमाचा अखंड धागा निघतो, हे एकदा कळल्यावर त्यांना तो स्पर्श नकोसा झाला. त्यांनी मुलाला विचारले, “इथे रेशीमच विकायचे ना?”

“हो आई. पण आता नाही. आता नुसते बघायला येतात.”

“तेव्हा तर विकत होते,” त्या म्हणाल्या. “माप खरे असेल, शब्दही खरा असेल. पण माल कसा केला, ते या भिंतीवर कुठे लिहिलेय?”

यावर दोघाही पुरुषांजवळ उत्तर नव्हते. धंद्याची रीत शुद्ध असणे आणि धंद्याची वस्तू शुद्ध असणे, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. पहिल्याची उत्तरे जगातील बहुतेक व्यापारी समाजांनी आपापल्या परीने शोधली आहेत. दुसरा प्रश्न आपल्या पूर्वजांनी वर्ज्य व्यवसायांची गणना करून फार पूर्वी विचारला. आणि आजच्या व्यापारी घरांतही तो पुनःपुन्हा विचारावा लागतो.

अर्धा तास झाला होता. अण्णा अंगणात गेले आणि त्यांनी पुतण्याला सांगितले, “शब्द दिलेल्या भावाने माल भरायचा. आजच बिल्टी कर.” पुतण्याने त्या दोन लाखांचा पुन्हा उल्लेख केला. “ते आपले नव्हतेच,” एवढेच अण्णा म्हणाले. मुदत मागणाऱ्या शेतकऱ्यांविषयी मात्र त्यांनी काहीच सांगितले नाही.

दालनाला लागून मनोरा आहे. त्याच्या तळाशी प्रार्थनागृह आणि वरच्या मजल्यांवर देणी बुडविणाऱ्या व्यापाऱ्यांसाठी तुरुंग, अशी योजना होती. एका बाजूस सागरी व्यापाराच्या न्यायमंडळाची जागा आहे. हे मंडळ व्हॅलेन्सियात १२८३ पासून होते. त्याचे न्यायाधीश धंद्यातीलच असत आणि वादांचा निकाल लांबण न लावता देत. आपल्याकडील पेठांतून महाजन आणि पंच जे काम करीत आले, त्याचेच हे भावंड म्हणावे लागेल.

बँकिंगच्या इतिहासातही या शहराचे स्थान आहे. शहराच्या हमीवर लोकांच्या ठेवी स्वीकारणारी ‘ताउला’, म्हणजे मेज, या नावाची पेढी १४०१ मध्ये बार्सिलोनात आणि १४०७ मध्ये व्हॅलेन्सियात सुरू झाली. युरोपातील सार्वजनिक बँकांचा हा अगदी आरंभीचा काळ. व्हॅलेन्सियाची पहिली पेढी थोड्याच वर्षांत बंद पडली. १५१९ मध्ये ती पुन्हा स्थापन झाली आणि सुमारे दोन शतके चालली. तिचे मेज याच लोन्हात मांडले जाई. ठेवीदाराचा पैसा सुरक्षित ठेवणे आणि एकाच्या खात्यातून दुसऱ्याच्या खात्यात वर्ग करणे, हे तिचे मुख्य काम होते.

येथे तिसऱ्या अटीचा प्रश्न उभा राहतो. ज्या दालनात व्याजाचा निषेध सोन्याने लिहिला, त्याच दालनात पेढी कशी? त्या काळी ख्रिस्ती धर्मसंस्थेने व्याज निषिद्ध मानले होते. परंतु भांडवलावाचून व्यापार चालत नाही. तेव्हा वाटा काढल्या गेल्या. परगावच्या हुंडीत विनिमयाच्या दराआड व्याज सामावून घेत. खुद्द शहरच ‘सेन्साल’ नावाचे रोखे विकून पैसा उभारी. घेणारा एकरकमी पैसा देई आणि त्याला दरवर्षी ठरावीक रक्कम मिळे. हे कर्ज नव्हे, वार्षिक उत्पन्नाची खरेदी आहे, असा त्याचा अर्थ लावण्यात आला आणि पुढे पोपनेही त्यास मान्यता दिली. यावरून त्या व्यापाऱ्यांना केवळ दांभिक ठरविणे योग्य होणार नाही. व्याज ही भांडवलाची वाजवी किंमत आहे, हे आज बहुतेक ठिकाणी मान्य आहे. त्याविना बहुतेक बँका चालणार नाहीत आणि अनेक शेतकऱ्यांना बी-बियाणेही मिळणार नाही. परंतु घेणारा संकटात असतानाही तीच किंमत तशीच वसूल करावी का, हा प्रश्न त्या काळी होता आणि आजही आहे. अट पाळणे अशक्य झाले, तरी ती भिंतीवरून पुसली नाही, याचे श्रेय त्या शहराला दिले पाहिजे.

दुपारी भोजनाचा प्रश्न आला. पाएया हा भाताचा प्रसिद्ध प्रकार मूळचा व्हॅलेन्सियाचा. तो रुंद, उथळ कढईत शिजवितात. अस्सल पाककृतीत कोंबडी, ससा, शेंगा आणि पांढरे मोठे पावटे असतात, कधी गोगलगायीही. भाज्यांचा पाएया मिळतो, पण भात कशाच्या पाण्यात शिजविला, हे विचारल्याविना घेऊ नये. लसूण तर बहुधा असतेच. तिघांनी मंडईतून आणलेले टोमॅटो, वालाच्या शेंगा आणि अल्बुफेराचा तांदूळ घरीच शिजविला.

मुलाने आईसाठी एक पेय आधीच हेरून ठेवले होते. ओर्चाता हे दुधासारखे पांढरे, गोड आणि थंड पेय. त्यात दूध नसते, म्हणून ते चालेल, असा त्याचा समज. आईंनी दुकानदाराला खुणेनेच विचारले, हे कशाचे? त्याने बरणीतून सुरकुतलेले, शेंगदाण्याएवढे तपकिरी दाणे काढून दाखविले. हे चुफा नावाच्या गवताचे कंद. शहराच्या उत्तरेस अल्बोराया परिसरात त्यांची शेती होते आणि त्यांना भौगोलिक ओळखीचे संरक्षण आहे. जमिनीखालचा कंद म्हटल्यावर कंदमूळ वर्ज्य असणाऱ्यांसाठी विषय संपला. आईंनी हसून हात जोडले आणि संत्र्याचा रस घेतला. स्पेनमध्ये वनस्पतिजन्य म्हणून मिळणारी प्रत्येक वस्तू जैन आहारास चालते असे नाही, ही गोष्ट तरुणांनी लक्षात ठेवावी.

दुपारनंतर त्यांनी मुख्य चर्च पाहिले. त्याच्या प्रेषितद्वारापाशी दर गुरुवारी दुपारी बारा वाजता जलन्यायालय बसते. शनिवार-रविवारच्या प्रवाशाला ते पाहण्यास मिळत नाही; तरी त्या दारापाशी क्षणभर थांबावे. तुरिया नदीच्या आठ कालव्यांवरील शेतकऱ्यांनी निवडलेले प्रतिनिधी काळे अंगरखे घालून अर्धवर्तुळात बसतात. पाण्याच्या चोरीची, पाळी मोडल्याची तक्रार तोंडी मांडली जाते आणि निकालही तेथेच तोंडी दिला जातो. वकील नाही, कागदांची चळत नाही. शतकानुशतके चालत आलेल्या या संस्थेस युनेस्कोने २००९ मध्ये अमूर्त वारसा म्हणून मान्यता दिली. धुळे-नाशिक भागातील फड पद्धतीत शेतकरी पाण्याची वाटणी आपसांत करीत आले, त्याची येथे आठवण होते. बोललेल्या शब्दावर चालणारा व्यवहार म्हणजे मागासलेपणा नव्हे. त्यामागे एकमेकांना ओळखणारा समाज असावा लागतो.

रविवारची सकाळ तुरियासाठी राखून ठेवली होती. या नदीला शहरात पाणी नाही, बाग आहे. १४ ऑक्टोबर १९५७ रोजी तुरियाला महापूर आला. शहर बुडाले आणि सरकारी नोंदीप्रमाणेच ऐंशीहून अधिक माणसे दगावली. त्यानंतर शासनाने नदीचा प्रवाहच शहराच्या दक्षिणेकडे नव्या पात्रात वळविला. कोरड्या पात्रातून मोटारींचा रुंद मार्ग न्यावा, असा बेत होता. नागरिकांनी त्यास विरोध करून तेथे हिरवळ मागितली. १९८० च्या दशकात बाग आकारास येऊ लागली. आज सुमारे नऊ किलोमीटर लांबीच्या या उद्यानावर जुने पूल तसेच उभे आहेत आणि त्यांच्या कमानींखालून मुले सायकलवरून जातात. समुद्राकडील टोकास स्थपती सान्तियागो कालात्रावा यांनी रचलेली विज्ञान-कलानगरीची शुभ्र बांधकामे आहेत. बहुतेक प्रवासी छायाचित्रे काढतात ती तेथेच.

अण्णा एका जुन्या पुलाखाली बसले. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचे पाणी सांगलीच्या पेठांत शिरले, तेव्हा त्यांच्या गोदामातील हळद भिजून वाया गेली होती. त्यांनी विचारले, “म्हणजे आता या शहराला पुराची भीती नाही?” मुलाने सांगितलेले उत्तर सरळ नव्हते. २९ ऑक्टोबर २०२४ रोजी व्हॅलेन्सिया प्रांतात काही तासांत प्रचंड पाऊस कोसळला. नव्या पात्रामुळे मुख्य शहर बहुतांशी बचावले. परंतु त्या पात्राच्या दक्षिणेकडील गावे ओढ्यांच्या पुरात सापडली आणि दोनशेहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. शहरातील हजारो तरुण फावडी आणि झाडू घेऊन पायी पूल ओलांडून त्या गावांत चिखल उपसण्यास गेले. एकाच पावसात नदीच्या एका तीरावर बाग कोरडी राहिली आणि दुसऱ्या तीरावर घरे वाहून गेली.

अण्णांनी यावर काही भाष्य केले नाही. पण आईंना त्यांच्या मनातले कळले असावे. “अहो, ज्या पावसाने आपल्या मालाचा भाव चढला, त्याच पावसात त्या लोकांचा माल गेला ना?” त्यांनी विचारले. अण्णांनी होकारार्थी मान हलविली.

सायंकाळच्या गाडीने परतायचे होते. पाचच्या सुमारास, उजेड असतानाच, तिघांनी पोहे आणि संत्री यांचे भोजन उरकले. गाडी शहराबाहेर पडल्यावर काही वेळ दोन्ही बाजूंना संत्र्यांच्या बागा दिसत राहिल्या. सांगलीत रात्र झाली होती, तरी अण्णांनी पुतण्याला फोन लावला.

“ज्यांचा माल गेला, त्यांची खाती वेगळी काढून ठेव. मी येईपर्यंत त्यावर व्याज टाकू नकोस.”

“आणि काका, तुम्ही आल्यावर?”

“आल्यावर बसून बघू. एकेकाला बोलावून.”

पुतण्याने विचारले, की इतके कसले घाईचे होते? अण्णांना लोन्हा, लॅटिन आणि सोनेरी अक्षरे हे सारे फोनवर सांगणे जमले नसते. “इथे एक जुनी पेठ बघितली,” ते म्हणाले. “तिच्या दोन अटी आपल्याला जमतात. तिसरी अजून बघायची आहे.”

इंदूरचा ट्रक शनिवारी रात्रीच निघाला होता.